ससा दिवसभर सोबत, झोपेत मात्र कॉटबाहेर

एका वाचक आईच्या पत्राचा हा सारांश:

‘आमचा मुलगा आठ महिन्यांचा आहे, मोठी मुलगी साडेतीन वर्षांची. मुलाला त्याच्या आत्याने लांब कानांचा एक मऊ, खेळण्यातला ससा दिलाय, गळ्यात रिबन आणि बारीक घंटा असलेला. हल्ली मांडीवर झोपताना तो सशाचा कान मुठीत घट्ट धरतो आणि कान हातात आला की लवकर डोळा लागतो. रात्री मात्र दोन-तीनदा उठतोच. सासूबाई म्हणतात, ससा रात्रीही जवळ ठेवा, पोर शांत झोपेल; आमची मुलं उशा-बाहुल्यांच्या गराड्यात वाढली, कुणाला काही झालं नाही. नवऱ्याचं म्हणणं, वर्षाचा होईपर्यंत कॉटमध्ये काहीच ठेवायचं नाही. मला दोघांचंही पटतं. तो आता आपणहून पालथा-सुलटा होतो, तोंडावर काही आलं तर हाताने ओढून टाकतो. मग धोका उरतो कुठे? त्यात मुलीची भर. “बाळ एकटं झोपतं” म्हणून ती रात्री गुपचूप आपला हत्ती त्याच्या कॉटमध्ये ठेवते. परवा सकाळी हत्ती त्याच्या डोक्याशी सापडला. मी घाबरले, तिला खूप रागावले, ती रडून रडून झोपली. ससा काढून घेऊन मी त्याचा आधार हिरावतेय का? आणि नेमका कधीपासून देता येईल?’

उत्तर आधी सरळ सांगते, कारण आज रात्रीही तुम्हाला कॉट लावायची आहे. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या झोपण्याच्या जागी ससा नको. रात्री नको, आणि दुपारच्या डुलकीलाही नको. वर्षाचा झाला की तोच ससा नीट तपासून खुशाल द्या. म्हणजे प्रश्न उरला जेमतेम चार महिन्यांचा. पण तुमच्या पत्रात काही समजुती आहेत, आणि त्या तशाच मनात राहिल्या तर हे चार महिने रोज रात्री तुम्हाला आपण निष्ठुरपणा करतोय असं वाटत राहील. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो वळतो, तोंडावरचं बाजूला करतो, मग धोका कसला, असं तुम्ही विचारता. जागेपणी तो हे करतो, यात शंका नाही. जागं बाळ नाकावर काही आलं की मान झटकतं, हात मारतं, ओरडतं. झोपेत हेच व्हायचं तर आधी त्याच्या मेंदूने गडबड ओळखायला हवी आणि त्याला अर्धवट का होईना, जागं करायला हवं. ही जागं होण्याची यंत्रणा पहिल्या वर्षात अजून घडतच असते. श्वास अडायला नाक-तोंड घट्ट दाबलं जावं लागतं असं आपण धरून चालतो, तेही खरं नाही. फुगीर, मऊ कापडात चेहरा रुतला की बाळाने बाहेर सोडलेली हवा तिथेच, त्या खळग्यात साठून राहते आणि पुढच्या श्वासाला तीच परत आत जाते. दर श्वासागणिक तिच्यातला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. मोठा माणूस अशा वेळी झोपेतच अस्वस्थ होऊन मान फिरवतो. प्रत्येक बाळ ते वेळेवर करेलच याची खात्री नसते. आणि हे सगळं अगदी गुपचूप घडतं. बाळ रडलं असतं तर मला ऐकू आलं असतं, या भरवशावर इथे राहता येत नाही.

पालथं होता येणं ही आनंदाची गोष्ट आहे, पण तीच त्याला सशापर्यंत नेऊन पोचवते. तीन महिन्यांच्या बाळाच्या पायाशी ठेवलेलं खेळणं बहुधा पायाशीच राहतं. आठ महिन्यांच्या बाळाचं डोकं पहाटे कॉटच्या कुठल्या टोकाला असेल, हे तुम्हीच रोज बघता. 2014 साली ‘पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या 24 राज्यांमधला एक अभ्यास आला होता. झोपेत दगावलेल्या आठ हजारांहून अधिक बाळांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. अगदी लहान बाळांच्या बाबतीत मोठ्यांसोबत एकाच अंथरुणात झोपणं ही सर्वांत ठळक गोष्ट निघाली. चार महिने ते एक वर्ष या वयात मात्र बाळ पालथं होऊन उशी, पांघरूण, मऊ खेळणं अशा कशावर तरी सापडणं हे जास्त दिसलं. म्हणजे वळता येऊ लागलं की धोका एकदम संपतो असं होत नाही, त्याचं रूप बदलतं.

याच कारणाने एक दिलासाही देते. बाळाला झोपवताना नेहमी उताणंच ठेवायचं, हे वर्षभर पाळायचं आहे. पण दोन्ही बाजूंना सहज वळू लागलेलं बाळ झोपेत स्वतःहून पालथं झालं, तर रात्रभर उठून त्याला सुलटं करत बसायची गरज नाही. अट एकच: ज्या गादीवर ते वळतंय ती सपाट आणि टणक हवी, चादर घट्ट बसलेली हवी, आणि बाकी कॉट रिकामी हवी.

तुमच्या सासूबाईंना मात्र खोडून काढायला जाऊ नका. त्यांनी जे केलं ते त्या काळी सगळेच करत होते. कित्येक देशांत तर डॉक्टरच बाळांना पालथं झोपवायला सांगत असत. 1991 मध्ये ब्रिटनमध्ये आणि 1994 मध्ये अमेरिकेत बाळांना उताणं झोपवा अशी मोहीम निघाली, आणि त्यानंतरच्या वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. एवढा मोठा फरक एका साध्या सवयीने पडला. आधीच्या आया निष्काळजी नव्हत्या, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोचलेलीच नव्हती. ‘आमच्याकडे कुणाला काही झालं नाही’ हे त्यांचं वाक्य खरंच आहे, कारण बहुतेक बाळांना काहीच होत नाही. दुर्दैवाने ज्यांच्या घरी झालं, त्यांच्याकडून असा अनुभव आपल्या कानावर येत नाही, ते गप्प असतात. म्हणून एका घराच्या अनुभवावरून हा निर्णय घेता येत नाही. सासूबाईंना हे वाद म्हणून सांगू नका. पुढच्या वेळी बाळाच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही सोबत न्या आणि हाच प्रश्न तिथे त्यांनाच विचारू द्या. घरोघरी सुनेच्या शब्दापेक्षा डॉक्टरांच्या शब्दाला जास्त वजन असतं, त्याचा इथे उपयोग करून घ्या.

आता नवऱ्याच्या बाजूकडे. वर्षाची रेघ म्हणजे लक्ष्मणरेषा आहे का, की अकरा महिने एकोणतीस दिवसांचं बाळ धोक्यात आणि दुसऱ्या दिवशी सुरक्षित? तसं काही नाही. झोपेत अचानक होणारा आणि तपासणीनंतरही कारण न सापडणारा मृत्यू, ज्याला डॉक्टर ‘सिड्स’ म्हणतात, तो सर्वाधिक आढळतो एक ते चार महिन्यांच्या वयात. यातले नव्वद टक्के मृत्यू सहा महिन्यांच्या आत होतात. तुमचं बाळ तो सर्वांत नाजूक काळ ओलांडून आलंय. त्याच्यासाठी आता मुख्य धोका उरतो तो गुदमरण्याचा, आणि तोही महिन्यागणिक कमी होत जाणारा. परवाच्या सकाळी हत्ती डोक्याशी सापडला म्हणून तुम्ही जी रात्र डोळ्यांपुढे आणत असाल, ती मनातून काढून टाका. तो सुखरूप आहे, आणि एका रात्रीची शक्यता अतिशय कमीच होती.

मग एवढी कमी शक्यता असताना वर्षभर थांबायचं कशाला? ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ ही बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि ब्रिटनमधली ‘लल्बाय ट्रस्ट’ ही संस्था, दोघीही पहिल्या वर्षभर झोपेची जागा मोकळी ठेवा असंच सांगतात. प्रत्येक बाळ वेगळ्या वेगाने वाढतं. कुणाला आठव्या महिन्यात जे जमतं ते दुसऱ्याला अकराव्यात. वर्षाच्या सुमारास जवळजवळ सगळीच बाळं उठून बसतात, धरून उभी राहतात, अंगावरची वस्तू ओढून फेकतात. सगळ्यांना लागू पडेल अशी रेघ ओढायची तर ती जरा पलीकडेच ओढायला हवी. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं कारण वेगळं आहे: थांबल्याने बाळाचं काहीही बिघडत नाही. या वयात सशाची गरज त्याला जवळपास नाहीच.

हे वाचून तुम्हाला धक्का बसेल, कारण मुठीतला कान तुम्ही रोज पाहताय. पण तो कुठे धरतो, ते तुमच्याच पत्रात आहे: तुमच्या मांडीवर. तुमचा वास, तुमचा आवाज, पाठीवरचा हात, अंगाची ऊब, हे सगळं असताना कानही असतो. म्हणून झोपवण्याचं श्रेय एकट्या कानाच्या खात्यावर जमा करायला नको. गाढ झोप लागली की मूठ आपोआप सैल होते आणि कान सुटतो. मध्यरात्री तो उठतो तेव्हा ससा शेजारी असला तरी अंधारात तो त्याला दिसणार नाही, आणि दिसला तरी त्याला तो नकोच असेल. तो हाक मारत असतो माणसाला. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास मुलांना पक्कं कळू लागतं की आई नजरेआड झाली तरी ती कुठेतरी असते, आणि मग ती इथे का नाही, हा प्रश्न पडतो. रांगणं, दात, उभं राहण्याची धडपड, हे सगळंही याच महिन्यांत. रात्रीचं उठणं बहुतेक यातूनच येतंय. ससा ठेवला म्हणून ते थांबेल ही सासूबाईंची आशा मला फोल वाटते.

मऊ खेळण्याचा खरा आधार मुलाला लागतो तो पुढे. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाने 1951 मध्ये याच विषयावर एक निबंध वाचला, तो 1953 मध्ये छापून आला. आई आणि बाहेरचं जग यांच्या मधल्या टप्प्यावर मूल एखादी मऊ वस्तू आपली म्हणून निवडतं, असं त्याने मांडलं. ती आई नसते, पण नुसती वस्तूही नसते. या ओढीची सुरुवात पहिल्या वर्षात होऊ शकते, तुमच्याकडे झालीही असेल. पण ‘आई गेली, ससा आहे’ असं मनाला समजावण्याइतकी कल्पनाशक्ती दीड-दोन वर्षांच्या आसपास बहरते. म्हणजे धोका जेव्हा जास्त, तेव्हा गरज नाममात्र. आणि गरज वाढते तोवर धोका ओसरलेला असतो. तुम्ही आधार हिरावताय असं मुळीच नाही. तो त्याला नेमका उपयोगी पडेल त्या वयापर्यंत जपून ठेवताय.

मग या चार महिन्यांत सशाचं काय करायचं? दिवसा तो त्याचाच. खेळू द्या, चावू द्या, ओढू द्या, तुमची नजर असली की झालं. फक्त आजच्या आज त्याच्या गळ्यातली रिबन आणि घंटा काढून टाका. सगळं तोंडात घालण्याच्या वयात ती घंटा सुटून घशात अडकू शकते, आणि रिबन गळ्याभोवती किंवा बोटाभोवती आवळू शकते. झोपवतानाही मांडीवर कान धरू द्या. डोळे मिटल्यावर लगेच उचलू नका. थोडं थांबा, श्वास लयीत आला, हात जड झाला की करंगळीकडून मूठ अलगद उघडते. मग बाळ कॉटमध्ये उताणं आणि ससा खोलीतल्या एका ठरलेल्या फळीवर, त्याच्या हाताला लागणार नाही पण उठल्यावर दिसेल अशा जागी. कॉटच्या कठड्यावर बसवू नका आणि दोरीने टांगूही नका; बसवलेला खाली पडतो, टांगलेल्याची दोरी गळ्यात येते. झुंबरासारखी फिरणारी खेळणीही बाळ पाच महिन्यांचं झालं किंवा हातापायांवर उठू लागलं की काढायची असतात, ती अजून असतील तर उतरवा.

त्याला रात्री जाग आली की आधी आवाजाने धीर द्या, मग हाताने. मग लागलं तर उचला. त्याला सशाची ओढ आहेच, तर आणखी एक करून बघता येईल: दिवसा तुमचा एखादा धुतलेला मऊ कपडा अंगाशी ठेवा आणि रात्री तोच स्वतःच्या अंगात घालून त्याला झोपवा. कॉटमध्ये काही न ठेवता ओळखीचा वास मिळतो. याने चमत्कार होईल असं मी म्हणत नाही, पण काहींना बरं पडतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते, कारण थकलेल्या आयांकडून ती नकळत होते. ससा हातात असलेल्या बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत तुमचा डोळा लागू देऊ नका. सोफ्यावर मोठ्या माणसासोबत झोपणं ही बाळासाठी सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक आहे, सशासह आणि सशाशिवायही. पेंग येतेय असं वाटलं की बाळाला दुसऱ्याकडे द्या किंवा कॉटमध्ये ठेवा. आणि कधी तुमच्या अंथरुणात तो झोपलाच, तर ससा, उश्या आणि जाड पांघरुणं त्याच्यापासून लांब हवीत.

दुकानांत ‘श्वास घेता येणारं कापड’ अशी चिठ्ठी लावलेली खेळणी मिळतात, छोट्या रुमालाला जोडलेलं अस्वलाचं डोकं मिळतं, चोखणीला अडकवलेला टेडी मिळतो, वजनदार मऊ प्राणी मिळतात. यातलं काहीही पहिल्या वर्षात झोपेच्या जागी नको. कापडाच्या जाळीतून हवा जाते म्हणून नाकावर आलेल्या खेळण्याचा धोका संपत नाही, आणि बाळांसाठी वजन भरलेली पांघरुणं व कपडे तर बालरोगतज्ज्ञांनी स्पष्टपणे नाकारलेत. कॉटच्या कठड्याला बांधायच्या मऊ गाद्याही दिसायला किती सुरक्षित वाटतात; अमेरिकेत 2022 च्या कायद्याने त्यांच्या विक्रीवर बंदी आली. जाहिरातीत टेडींच्या मधोमध झोपलेलं बाळ गोड दिसतं, पण ते छायाचित्रासाठी मांडलेलं असतं. थंडी वाजेल ही काळजी असेल तर बाळाच्या मापाची बिनबाह्यांची झोपायची पिशवी घाला, म्हणजे सुटं पांघरूण लागत नाही.

आता तुमच्या मुलीबद्दल. खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त काळजी तिची वाटली. साडेतीन वर्षांच्या मुलीने आपली सगळ्यात लाडकी वस्तू, जिच्याशिवाय तिला स्वतःला झोप येत नाही, ती भावाला दिली. तिच्या दृष्टीने याहून मोठं काही द्यायला तिच्याकडे नाही. त्यावर तिला ओरडा बसला. तुमची भीती समजते, पण तिच्यापर्यंत पोचलं ते एवढंच की बाळावर माया केली की आई चिडते. तिला आधी जवळ घ्या आणि सांगा, ‘तू हत्ती दिलास ते बाळाच्या प्रेमाने दिलास, मला कळलं. मी घाबरले म्हणून ओरडले.’ मग कारण तिच्या भाषेत: ‘बाळाला झोपेत अजून नाकावरचं बाजूला करायला येत नाही, म्हणून त्याच्या कॉटमध्ये फक्त बाळ.’ एवढं पुरे. गुदमरणं, मरणं हे शब्द तिच्यासमोर नकोत, नाहीतर परवाच्या रात्रीचा अर्थ ती स्वतःच लावत बसेल.

तिला नुसतं ‘ठेवू नकोस’ म्हणून भागणार नाही, काम द्यायला हवं. रोज रात्री बाळाला ठेवण्याआधी तिने तुमच्यासोबत कॉट तपासायची. चादर घट्ट आहे? कोपऱ्यात काही राहिलंय? मोजा राहिला? खेळणं राहिलं? तिने ‘रिकामी!’ म्हटल्याशिवाय बाळ कॉटमध्ये जायचं नाही. हत्तीला बाळाची सोबत करायचीच असेल तर फळीवर सशाशेजारी थोडा वेळ बसवा, आणि झोपताना तो तिच्याकडे परत. 2008 साली छापून आलेल्या एका अभ्यासात इस्रायलमध्ये अवी सादेह या मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी युद्धाच्या ताणातून गेलेल्या लहान मुलांना एक मऊ कुत्रा दिला होता आणि त्याची काळजी घे, असं सांगितलं होतं. त्या मुलांची घाबरगुंडी इतरांपेक्षा कमी झाली. खेळणं कुशीत असण्याइतकंच ‘याला मी सांभाळते’ ही भावना मुलाला बळ देते, असं मी त्यातून घेते. तुमच्या मुलीला सांभाळायला काहीतरी हवंच आहे. कॉटची तपासणी तिला नक्की आवडेल. तरीही महिनाभर स्वतः झोपण्यापूर्वी एकदा कॉटमध्ये डोकावत जा. साडेतीन वर्षांच्या मुलीच्या शब्दावर सगळा भार टाकायचा नसतो.

तिची खेळणी आणि बाळाची खेळणी वेगळ्या टोपल्यांत ठेवा. तीन वर्षांपुढच्या मुलांसाठीच्या खेळण्यांत सुटे होणारे बारीक भाग चालतात, त्याहून लहानांसाठीच्या खेळण्यांत ते चालत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत साधारण 32 मिलिमीटर रुंदीची एक नळी वापरतात. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो तो धोक्याचा. आणि आवाज करणारं, दिवा लागणारं मऊ खेळणं कुणाचंही असो, त्यातल्या बटणासारख्या चपट्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे बघा. ती बॅटरी गिळली जाऊन अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही खोल जखम होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता, उलटी करवायचा प्रयत्न न करता थेट रुग्णालय गाठायचं.

वर्षाचा झाल्यावर ससा देताना तो पुन्हा एकदा हातात घेऊन बघा. कान जोरात ओढा, शिवण उसवते का बघा. तोपर्यंत चार महिने चावून झालेला असेल. डोळे भरतकामाचे असले तर उत्तम, बटणांचे किंवा प्लास्टिकचे असले तर उपटून तपासण्यात वेळ घालवू नका, काढून त्या जागी धाग्याने शिवा. कान इतके लांब आहेत का की त्याच्या गळ्याभोवती फिरतील? तसे असतील तर मुडपून शिवून आखूड करा. खेळण्यांच्या सुरक्षेच्या युरोपीय नियमांत दोऱ्यांसाठी 22 सेंटिमीटरच्या आसपासची मर्यादा असते, तोच अंदाज कानांनाही वापरायला हरकत नाही. आत बारीक मणी भरलेलं खेळणं झोपेसाठी नको. त्याला एका हाताने उचलून भिरकावता येईल इतकाच आकार हवा. मोठा टेडी वर्षानंतरही कॉटमध्ये नको, कारण उभं राहू लागलेलं मूल त्यावर पाय देऊन कठडा ओलांडतं. आणि एकच खेळणं. पाच दिली की कॉट पुन्हा भरली.

पहिल्यांदा दुपारच्या झोपेला द्या, तुम्ही जाग्या असताना. काही दिवस ठीक गेले की रात्री. उशीची घाई करू नका, ती दोन वर्षांच्या आसपास दिली तरी चालते. पातळ पांघरूण वर्षानंतर चालतं. आत्याला विचारून तस्साच दुसरा ससा आणून ठेवता आला तर फार बरं. दोन्ही आलटून-पालटून वापरात राहिले तर दोघांचा वास आणि मऊपणा सारखा राहतो, एक धुवायला टाकला तर रडारड होत नाही आणि एक हरवला तर घर डोक्यावर येत नाही. नवाकोरा जोडीदार ऐन वेळी कपाटातून काढला तर मुलं तो बरोबर ओळखतात आणि नाकारतात. धुताना कापडाला चालत असेल तर 60 अंशांच्या पाण्यात धुवा, त्याने धुळीतले बारीक किडे मरतात. चालत नसेल तर पिशवीत घालून चोवीस तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग साध्या पाण्यात धुवा. आतपर्यंत पूर्ण वाळू द्या. घरात कुणाला दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असेल तर हे दर आठवड्याला करायला हवं.

याच प्रश्नात अडकलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, तर वर्ष जन्मतारखेपासून मोजायचं की अपेक्षित तारखेपासून, हे तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. स्नायू अशक्त असलेली, वाढीचे टप्पे उशिरा गाठणारी किंवा श्वासाचा त्रास असलेली बाळं वर्षाची झाली तरी आधी डॉक्टरांना विचारा. त्यांच्या बाबतीत बाळाला काय करता येतं हे वयापेक्षा महत्त्वाचं. पाळणाघरात बाळ झोपत असेल तर तिथे तोंडी न सांगता लिहून द्या, कारण दुपारी सांभाळणारी व्यक्ती बदलते. गाडीतल्या बाळाच्या खुर्चीतही डुलकी लागते, तिथेही मांडीवर मोठं मऊ खेळणं नको.

आणि वर्ष झाल्यावर तुमच्या मुलाने सशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. कित्येक मुलं कधीच कुठल्या खेळण्याला बिलगत नाहीत. कुणाला आईच्या ओढणीचं टोक लागतं, कुणाला स्वतःच्याच केसांची बट, कुणाला काहीच नाही, आणि तीही छान वाढतात. ससा फळीवर राहू द्या. हवा असेल तेव्हा तो स्वतः मागेल.